गिरदावराची फेरी आणि आपला पाऊस



पीक विम्याच्या अर्जात गाव, गट नंबर आणि पिकाबरोबर 'महसूल मंडळ' असा एक रकाना असतो. सेवा केंद्रावरचा मुलगा तो आपल्याला न विचारता भरतो, आपणही विचारत नाही. पण अख्ख्या अर्जात सगळ्यात महाग रकाना तोच आहे. विम्याची मुख्य भरपाई तुमच्या रानात काय पिकलं यावर ठरत नाही, तुमच्या मंडळात सरासरी काय पिकलं यावर ठरते. म्हणून हे मंडळ काय आहे, ते कुणी आखलं आणि कशासाठी आखलं, हे एकदा नीट बघितलं पाहिजे.

शब्द जुना आहे. संस्कृतात मंडल म्हणजे गोल, वर्तुळ. पुढे राजाच्या ताब्यातल्या मुलखालाही मंडल म्हणू लागले; मोठ्या राजाच्या अंकित असलेला तो मांडलिक. चोलांचा मुलूख तो चोलमंडल, त्याचंच गोऱ्यांनी कोरोमंडल केलं. खताच्या पोत्यावर आपण वाचतो तेच.

पण आपल्या सातबाऱ्याच्या वरचं मंडळ या थोर घराण्यातलं नाही. ते इंग्रजी सर्कलचं भाषांतर. १९६४ च्या राजभाषा कायद्यानंतर कारभार मराठीत येत गेला आणि सर्कल इन्स्पेक्टरचा मंडळ निरीक्षक झाला. लोकांनी मात्र ते भाषांतर मानलं नाही. आजही फेरफार अडला की आपण 'सर्कलकडं जाऊन येतो' असंच म्हणतो. आणि त्याच्या आधी, निजामाच्या राज्यात, या माणसाचं नाव होतं गिरदावर. फारसीत गिर्द म्हणजे गोल, भोवती. गिरदावर म्हणजे फेरी मारणारा.

तीन भाषांतले तीन शब्द, अर्थ एकच: एका अंमलदाराची फेरी. घोड्यावर बसून त्याला जेवढी गावं तपासता येतील, जेवढ्या तलाठ्यांची दप्तरं बघता येतील, तेवढ्यांचा एक गोल. गोल तरी कुठला, नकाशावर बघितलं तर आकार फाटक्या गोधडीसारखा.

बाकीचे शब्दही याच भावकीतले. तहसील म्हणजे वसुली. महसूल म्हणजे जे वसूल झालं ते. दोन्ही एकाच अरबी धातूचे, आणि आपण वैतागून म्हणतो 'त्यात काय हाशील?', त्यातलं हाशीलही त्याच धातूचं. तालुका म्हणजे जोडलेला, संबंधातला मुलूख. १८६५ साली सालारजंगाने हैदराबाद राज्यात जिलाबंदी केली तेव्हा जिल्ह्याच्या प्रमुखाला, म्हणजे आजच्या कलेक्टरला, अव्वल तालुकदार म्हणत. तिकडे अवधमध्ये तालुकदार म्हणजे बडा जमीनदार. नाव एकच, पण एक सरकारचा नोकर आणि दुसरा गावांचा मालक. रयतेला फरक किती जाणवला असेल, तो वेगळा प्रश्न.

या गोलांनी माणसांची राज्यंही ठरवली. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात नांदेड जिल्ह्याची वाटणी सर्कलच्या नावांनी लिहिलेली आहे. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं तिकडे गेली; आदिलाबादेतलं इस्लापूर सर्कल आणि किनवट तालुका इकडे आले. बिदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके उस्मानाबादेत आले. १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा झाल्यावर ते लातूरचे झाले. सीमेपलीकडे १९८५ साली रामारावांच्या सरकारने तालुके मोडून 'मंडल' केले. म्हणून देगलूरच्या पाहुण्याने 'आमचं मंडळ' म्हटलं आणि जुक्कलच्या पाहुण्याने 'आमचं मंडल' म्हटलं, तर दोघं एका मापाबद्दल बोलत नसतात.

सारा वसुलीला हा गोल बरा होता. गोची सुरू झाली ती त्याच्यावर पाऊस मोजायला लागल्यावर. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी, पण तो मोजायचा मंडळाच्या यंत्रावर. २०२३ साली राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात लातूर जिल्ह्यातला एकटा रेणापूर होता, नांदेडचा एकही नव्हता. ओरड झाली तेव्हा १०२१ मंडळांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती मान्य झाली. म्हणजे तालुक्याच्या मापाने जो दुष्काळ नव्हता, तो मंडळाच्या मापाने निघाला. गावाच्या मापाने मोजला असता तर?

मी शेतकीचा पदवीधर आहे, आणि आपल्या पावसाचा स्वभाव तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. बैलाचं एक शिंग भिजतं, दुसरं कोरडं राहतं. कंधार-मुखेडच्या माळावरची हलकी रानं आणि गोदाकाठची काळी भारी रानं यांत एकाच पावसानंतर किती फरक पडतो, ते कपाशीच्या बोंडांवर दिसतं. बरड रानातली ज्वारी कणसात येता येता वाळते, तेव्हा त्याच मंडळातली खोल रानातली ज्वारी दाणे भरत असते. दोघींची सरासरी काढली की बरड रानवाल्याचं नुकसान कागदावरून नाहीसं होतं.

२०२५ च्या खरिपात राज्याने एक रुपयातला विमा बंद केला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आणून ठेवली. हप्ता ज्वारीला विमा रकमेच्या दोन टक्के, कपाशीला पाच. मंडळात एका पिकाचे कमीत कमी दहा प्रयोग. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच धरून सरासरी, तिचे सत्तर टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. मंडळाची सरासरी त्याच्या खाली गेली तरच पैसे. आणि सातांत तीन-चार वर्षं दुष्काळाची असली तर चांगल्या पाचातही एक-दोन पडलेली वर्षं येतात आणि उंबरठा आपोआप खाली बसतो. वारंवार मार खाणाऱ्या मुलखाला कमी संरक्षण, असं हे गणित आहे.

२०१६ साली योजना आली तेव्हा केंद्राच्या सूचनांत मुख्य पिकांना गाव किंवा ग्रामपंचायत हा घटक धरलेला होता. राज्याने मंडळ धरलं. अधिकारी सांगतात, गावागावात प्रयोग करायला माणसं नाहीत. अडचण खोटी नाही. गावात चारच प्रयोग झाले तर एका चुकीच्या रानाने सगळं बिघडू शकतं, हेही मी मान्य करतो. पण ज्याच्या हप्त्यावर योजना चालते, त्याने अंमलदाराच्या सोयीचा गोल किती दिवस अंगावर घ्यायचा? प्रयोग वाढवायला वेळ लागेल. पर्जन्यमापक गावोगाव बसवायला एवढा वेळ लागण्याचं कारण नाही.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणाव्यात: आपलं मंडळ कोणतं, त्याचं पाऊस मोजायचं यंत्र आपल्या शिवारापासून किती लांब आहे, आणि गेल्या हंगामातले कापणी प्रयोग कुणाच्या रानात झाले. तहसील आणि कृषी कार्यालयात लेखी अर्ज करून विचारा, तोंडी उत्तर घेऊ नका. यंदाच्या प्रयोगाच्या दिवशी गावातली चार माणसं बांधावर हजर राहतील असं बघा, आणि वजन झालेला आकडा तिथेच आपल्या वहीत उतरवून घ्या.