महासंगणक राष्ट्राचा, स्क्रिप्ट उसनी

सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले, अभिमान रास्तच. परंतु संगणकीय रसायनशास्त्राचा विद्यार्थी अशा यंत्राला काम सोपवतो ते वीसेक ओळींच्या स्क्रिप्टद्वारे, आणि ती बहुधा ज्येष्ठ सहकाऱ्याकडून उसनी घेतलेली असते. स्लर्मकडे ४८ कोअर मागितले, पण गॉसियनच्या इनपुटमध्ये ती संख्या लिहायची राहिली, तर गणन सामान्यतः एकाच कोअरवर चालते. उरलेले ४७ अडकून पडतात. रांगेतले इतर ताटकळतात.

याला विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. दोन्हीकडचे आकडे जुळवून स्क्रिप्ट तयार करणारे, तपासलेले साधन प्रत्येक केंद्राने द्यावे. शिवाय तिची ओळ न् ओळ शिकवावी. वजनकाटा वापरायला न शिकवता आपण प्रयोगशाळेत कोणाला रसायने मोजायला बसवतो काय?