चार दुकानं, एकच गल्ला

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्यावर एक ठरलेला निकाल ऐकू येतो: चूक शेतकऱ्याची. तोंडाला रुमाल नाही, हातात मोजे नाहीत, औषधांची मिश्रणं मनमानी. एरवी गावात चार कृषी केंद्रं, बियाण्यांची ढीगभर नावं. एक धागा तुटला तर दुसरा आहेच. मग व्यवस्थेला दोष कशाला?

निष्काळजीपणा झाला, हे कबूल. पण दुकानं मोजणाऱ्यांनी ती कशाच्या आधारावर उभी आहेत, हे मोजलं नाही. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटांवरची नावं निराळी. आत बहुतेक ठिकाणी बोंडअळीला रोखणारी तीच दोन बीटी जनुकं. गुलाबी बोंडअळी त्यांना पुरून उरली, तेव्हा सगळीच पाकिटं एकदम हरली. रसशोषक किडींसाठी पंप पाठीवर होताच, त्यात अळीची धास्ती. पऱ्हाटी डोक्यावर गेलेली. फवारा वर मारायचा आणि तो अंगावर यायचा. कोणतं औषध, किती, कशात मिसळायचं, हे सांगणारा बहुधा तोच दुकानदार, ज्याच्या वहीत उधारी लिहिलेली. उधारीवाला माणूस दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही. म्हणजे दुकानं चार, वाट एकच.

हे यवतमाळचंच दुखणं नाही. २८ सप्टेंबर २००३ला स्वित्झर्लंडमधल्या एका वीजवाहिनीवरच्या बिघाडानंतर जवळजवळ सगळी इटली अंधारात गेली. या घटनेचा दाखला देत संशोधक बुल्दिरेव आणि सहकाऱ्यांनी २०१०मध्ये ‘नेचर’मध्ये गणित मांडलं: विजेचं जाळं संपर्काच्या जाळ्यावर आणि ते परत विजेवर अवलंबून असेल, तर पडझड हळूहळू होत नाही. एका मर्यादेपर्यंत सगळं ठीक दिसतं, मग एकदम कोसळतं. जोडणी आधार देते. अवलंबित्व आपल्याबरोबर दुसऱ्यालाही खड्ड्यात नेतं. दोन्हींना ‘जाळं’ म्हणून एकाच मापानं मोजणं, ही खरी चूक.

‘मग काय बीटी सोडून मागे जायचं?’ मुळीच नाही. अवलंबित्व टळत नाही. ते एकाच गाठीत बांधू नये, एवढंच. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर बिगरबीटीची १२० ग्रॅमची पुडी मिळायची. तिच्या ओळी कडेनं लावल्या की अळीची प्रतिकारशक्ती वाढायला वेळ लागतो. कित्येकांनी ती पुडी धुऱ्यावर फेकली. मजबुती त्या पुडीत होती. ती तुरीच्या ओळीत आहे, फरदड, म्हणजे हंगामानंतरही राखलेली पऱ्हाटी, मोडून अळीची साखळी तोडण्यात आहे, कामगंध सापळ्यात आहे. आणि औषध विकत नाही अशा माणसाच्या सल्ल्यात आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘गावात चार दुकानं आहेत’ असं सांगितलं, तर एवढंच विचारा: बियाणं, सल्ला आणि उधारी तीन ठिकाणांहून येतात, की एकाच गल्ल्यावरून?