तो आला की सांगेन

वसतिगृहातील मुले इंग्रजीत 'व्हेन ही विल कम' लिहितात आणि वहीवर लाल रेघ उमटते. दोष घरच्या मराठीचा, असे म्हणून शिक्षक मोकळे होतात. आम्हांस हे मान्य नाही. 'तो येईल तेव्हा सांगेन' म्हणणारे मूल 'तो आला की सांगेन' असेही म्हणतेच. तेथे न घडलेल्या गोष्टीला चक्क भूतकाळाचे रूप लागते! इंग्रजी त्याच जागी वर्तमानकाळ योजते: 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम'. भविष्याचा भार मुख्य वाक्य एकटे वाहते. घरात प्रथमच इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी दाखवावीत. आपल्या बोलीची लाज वाटायला लावू नये. 'आफ्टर', 'बिफोर', 'अन्टिल' यांनाही मग हाच नियम लावता येतो. 'तो केव्हा येईल, ठाऊक आहे का?' अशा प्रश्नात मात्र 'विल' हवेच.