मैदानावरचा डॉक्टर कोणाचा?

ऑस्ट्रेलियातील पर्थ शहराच्या मध्यवस्तीला लागून एक द्रुतगती मार्ग जातो. २००० साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या मार्गास कोणा राज्यकर्त्याचे वा सेनानीचे नाव नाही. ते आहे ग्रॅहॅम फार्मर या फुटबॉलपटूचे. लहानपणी पोपटासारखी अखंड बडबड करीत म्हणून त्यांना 'पॉली' हे टोपणनाव पडले. आपल्यासारख्या वैद्यक व्यावसायिकांनी त्यांचे चरित्र वाचावे असे मला वाटते. मात्र ते अखेरच्या पानापर्यंत वाचले पाहिजे.

हा खेळ आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लंबवर्तुळाकार विस्तीर्ण मैदान, प्रत्येक बाजूस अठरा खेळाडू, हातापायांनी खेळता येणारा लांबट चेंडू, आणि डोक्यावर बहुधा कोणतेच शिरस्त्राण नाही. मुलीकडे मेलबर्नला गेलो असता मी हा खेळ प्रथम पाहिला, तेव्हा त्यातील उड्यांनी मी थक्क झालो आणि त्या उड्यांनंतरच्या आदळण्यांनी अस्वस्थ झालो. पंचाने हवेत उडविलेल्या चेंडूसाठी दोन उंचेपुरे खेळाडू परस्परांवर झेपावतात. त्या जागेवरील खेळाडूस 'रकमन' म्हणतात. फार्मर हे या जागेचे अनभिषिक्त सम्राट होते.

१९३५ साली जन्मलेल्या फार्मर यांची आई तेथील नूंगार या आदिवासी समाजाची. त्यांचे बालपण 'सिस्टर केट्स' या बालकाश्रमात गेले. पोलिओमुळे एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहिला होता. अशा मुलाने १९५३ ते १९७१ या काळात ईस्ट पर्थ, जीलाँग आणि वेस्ट पर्थ या तीन संघांकडून साडेतीनशेहून अधिक सामने खेळावेत, हे नवलच. १९६३ साली जीलाँगने विजेतेपद मिळविले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. एका हातावर चेंडू तोलून दुसऱ्या हाताच्या मुठीने तो सहकाऱ्याकडे मारणे, ही तोवर अडचणीतून सुटण्याची युक्ती मानली जाई. मोटारींच्या उघड्या खिडक्यांतून चेंडू मारण्याचा सराव करून फार्मर यांनी तिचे आक्रमणाच्या शस्त्रात रूपांतर केले. १९९६ साली त्या खेळाच्या कीर्तिदालनातील पहिल्या 'लीजंड्स'मध्ये त्यांचा समावेश झाला.

ऑगस्ट २०१९ मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाने दीर्घकाळ ग्रासलेल्या अवस्थेत त्यांचे निधन झाले. कुटुंबीयांनी त्यांचा मेंदू सिडनी येथील ऑस्ट्रेलियन स्पोर्ट्स ब्रेन बँकेस दिला. २०२० च्या आरंभी निष्कर्ष प्रसिद्ध झाला : क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, अर्थात सी.टी.ई., तिसरी पायरी. त्या खेळातील खेळाडूत हे निदान होण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे सेंट किल्डा संघाचे माजी कर्णधार डॅनी फ्रॉली, ३८ व्या वर्षी मृत्यू पावलेले शेन टक, आणि २८ व्या वर्षी जग सोडून गेलेली, सैन्यात वैद्यकीय साहाय्यक असलेली हेदर अँडरसन यांच्याही मेंदूत हाच विकार आढळला.

सहव्यावसायिकांना ठाऊकच आहे की १९२८ साली मार्टलंड यांनी मुष्टियोद्ध्यांच्या अशाच अवस्थेचे वर्णन केले होते. यात 'टाऊ' प्रथिन मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, सूक्ष्म रक्तवाहिन्यांभोवती साचते. खात्रीचे निदान आजही मरणोत्तरच होते. शुद्ध हरपण्याचे एक-दोन मोठे प्रसंग तेवढे यास कारण होतात असे नाही. वर्षानुवर्षे बसणारे, ज्यांची कोठे नोंदही होत नाही असे लहान धक्केही जबाबदार असतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ज्यांना लक्षणे होती त्यांचेच मेंदू बहुधा अशा बँकेत येतात. तेव्हा सर्व खेळाडूंत या विकाराचे प्रमाण किती, हे या नमुन्यावरून सांगता येणार नाही. परंतु प्रमाण ठाऊक नाही म्हणून धोकाच नाही, हा युक्तिवाद आपल्या शास्त्रात बसत नाही.

माझा मुद्दा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या डॉक्टरांविषयी आहे. त्यांचे वेतन संघ देतो. प्रेक्षक ओरडत असतात, प्रशिक्षक घड्याळाकडे पाहत असतो आणि खेळाडू स्वतःच "मी ठीक आहे" असे सांगत असतो. तशा क्षणी एकट्या माणसाच्या सद्सद्विवेकावर सारा भार टाकणे अन्यायाचे आहे. म्हणूनच मला तेथील नियम महत्त्वाचा वाटतो. २०२१ पासून व्यावसायिक स्पर्धेत मेंदूस धक्का बसलेल्या खेळाडूस किमान बारा दिवस खेळता येत नाही. हौशी आणि बालखेळाडूंसाठी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी ही मुदत एकवीस दिवसांची केली. दिवसांची संख्या ठरली की घासाघीस थांबते, आणि डॉक्टर पुन्हा रुग्णाचा होतो. माझ्या मते आणखी एक पाऊल हवे : मैदानावर परतण्याची अंतिम अनुमती संघाशी आर्थिक संबंध नसलेल्या डॉक्टरनेच द्यावी.

"बाबा, आपल्या नातवाला हा खेळ खेळू द्यावा का?" असे मुलीने विचारले, तेव्हा मी होकार दिला. तेथे लहान वयोगटात अंगावर झेपावून पाडणे वगळलेले असते. धावणे, झेलणे आणि हरणे मुलांनी शिकलेच पाहिजे. धोका कमी करण्याऐवजी खेळच बंद करणे हा उपाय नव्हे.

आपल्याकडे हा खेळ नाही. पण कबड्डी आहे, कुस्ती आहे, फुटबॉल आहे. शालेय स्पर्धांच्या मोसमात तंदुरुस्तीच्या प्रमाणपत्रांचे गठ्ठे आपल्यासमोर येतात आणि मूल न पाहताच सह्या होताना आपण पाहतो. डोक्याला मार लागून मूल गोंधळले, तर त्या दिवशी पुन्हा खेळविण्याची घाई मात्र सर्वांनाच असते. आपल्या मंडळाने एक पानाचे मराठी-हिंदी पत्रक काढून शाळा आणि आखाड्यांत वाटावे, असे मी सुचवितो. त्यात तीन गोष्टी पुरेत : डोक्याला मार लागल्यास त्या दिवशी खेळ बंद, मुलांना किमान एकवीस दिवस विश्रांती व टप्प्याटप्प्याने पुनरागमन, आणि प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सही नाही.

फार्मर कुटुंबीयांनी आपल्या माणसाचा मेंदू दिला, त्यामुळे त्या देशातील प्रत्येक खेळाडूच्या आईबापांना विचारण्याजोगा एक प्रश्न मिळाला. तो प्रश्न उद्या आपल्या दवाखान्यातही येईल. तेव्हा उत्तर आपल्यापाशी तयार असले पाहिजे.