वरैयाडू म्हणा की!

शनिवारी बोर्लीला आलोय. भाचीनं पुस्तकातलं चित्र पुढे धरलं. "मामा, ही रानशेळी आपल्या डोंगरात आहे?"

नाही गं. राहते सह्याद्रीतच, पण पार खाली, केरळ-तमिळनाडूच्या कड्यांवर. चित्राखाली लिहिलं होतं 'नीलगिरी ताहर'.

आता ताहर हे नाव हिमालयातल्या प्राण्याचं. साहेब शिकारी हिला आयबेक्स म्हणायचे, तेही चूकच. पुढे हिमालयातल्या ताहरची भावकी समजून ताहर नाव चिकटलं. २००५ साली जनुकं तपासली, तर ही निघाली मेंढ्यांच्या जवळची! मग नवं शास्त्रीय नाव दिलं, निलगिरिट्रॅगस. त्यातल्या ट्रॅगसचा ग्रीक अर्थ? बोकड. कोडमध्ये व्हेरिएबलला असं नाव ठेवलं असतं, तर मी रिव्ह्यूमध्येच परत पाठवलं असतं.

तमिळ माणूस मात्र हिला वरैयाडू म्हणतो. वरै म्हणजे कडा. आणि आडू शेळीलाही चालतं, मेंढीलाही: वेळ्ळाडू शेळी, सेम्मरियाडू मेंढी. म्हणजे जनुकं न तपासता यांचं नाव बरोबर! तमिळनाडूचा हा राज्यप्राणी, मग मराठी पुस्तकात तरी त्याचं घरचं नाव छापायला काय हरकत आहे? ताहर जगभर चालतं, मान्य. कंसात टाका. नाहीतरी आपल्याच रानातलं भेकर भाचीला 'बार्किंग डिअर' म्हणूनच ठाऊक आहे.

हे सगळं तिला सांगितलं. तिनं लगेच ताहर खोडून पेनानं वरैयाडू लिहिलं. पुस्तक शाळेच्या लायब्ररीचं आहे, हे मला नंतर कळलं.