पहिल्या तुकडीची जबाबदारी

कतारमध्ये १९७३ साली शिक्षण महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा पटावर ५७ मुलगे होते आणि ९३ मुली!

पुढे त्याच देशात, दोह्यात, १९९८ मध्ये व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या मदतीने डिझाइनचे महाविद्यालय निघाले, तेही फक्त मुलींसाठी. २००७ पासून तिथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला. हा बदल योग्यच. पण मधल्या वर्षांची आठवण माजी विद्यार्थिनींच्या संघानेच जपायला हवी. नुसत्या स्नेहमेळाव्याने भागत नाही. नव्या पदवीधर मुलीला पहिले काम मिळवून देणे, संसारात अडकून नोकरी सुटलेलीला पुन्हा उभे करणे, हे खरे काम.

आपल्याकडे शारदा सदन या विधवांच्या शाळेत शिकलेल्या गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या. तेव्हा असा संघ कुठे होता?