घरात संगणक आणताना

सालेकसा तालुक्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलगी यंदा बी.कॉम.ला लागली. रोज रेल्वेने गोंदियाला जाऊन-येऊन करते. अभ्यासाला संगणक लागतो म्हणते. घरधनी म्हणतात, ओळखीच्या दुकानात जुना टेबलावरचा संगणक चौदा हजारांत मिळतो, तो घेऊ. मुलीच्या मामांचे म्हणणे, घ्यायचा तर नवा लॅपटॉपच घ्या, अडतीस हजारांचा. ‘‘धानाचे पैसे यायचे आहेत. मंडईला भाऊ येईल तेव्हा पुन्हा हाच विषय निघेल. ताई, मी कोणाच्या बाजूने बोलू?’’ असा त्यांचा प्रश्न आहे.

हा हिशोब आपण आधी धानात करू, म्हणजे चटकन कळेल. २०२५-२६च्या खरिपाला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. त्या भावाने जुना संगणक पडतो सहा क्विंटलांना आणि लॅपटॉप सोळा क्विंटलांना. सोळा क्विंटल म्हणजे बऱ्या पिकलेल्या एका एकराची सगळी रास. तेव्हा घरधनी उगाच अडून बसले आहेत असे मी म्हणणार नाही.

पण आमच्या घरी काय झाले तेही ऐका. २०१९ साली आम्ही नऊ हजारांत जुना संगणक आणला. स्वस्त मिळाला म्हणून चार घरी सांगितलेही. पहिल्याच आठवड्यात वीज गेली आणि पुतण्याने दोन तास बसून टाइप केलेले सगळे पुसले गेले. मग तीन हजारांचा यूपीएस आला. डब्याला हात लावला की झिणझिण्या येत. बघतो तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगच नव्हते. वायरमनला बोलावून ते करून घेतले. धानाची मळणी सुरू झाली तसा सगळा धुराळा आतल्या पंख्यात जाऊन बसला. पुढे उंदराने माऊसची वायर कुरतडली. आपल्याच नावाच्या भावाचा त्याला एवढा राग का, कोण जाणे! दर वेळी तो डबा टॉवेलात गुंडाळून मोटारसायकलवरून शहरात न्यायचा, आणि ‘उद्या या’ ऐकून परत यायचे. त्यात दोन रोजी बुडत. तीन वर्षांची बेरीज मांडली तेव्हा ती एकोणीस हजारांवर गेली. आणि तो चालवत होता एकटा पुतण्या. तो नोकरीला नागपूरला गेला, त्या दिवसापासून संगणकावर भरतकामाचे कापड आहे.

म्हणून किंमत विचारण्याआधी काम विचारावे. घरधन्यांच्या मनात सातबारा, पीक पाहणी, धानविक्रीची नोंदणी हे असेल, तर त्यासाठी संगणक घेऊ नका. सहीचा डिजिटल सातबारा मोबाईलवर निघतो, ई-पीक पाहणी तर २०२१ पासून मोबाईलवरच करायची असते, आणि उरलेले काम सेवा केंद्रात होते. हा धडा आपल्याच राज्यात एकदा मिळून गेला आहे. वारणेच्या साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली सुमारे सत्तर गावांसाठी संगणक-केंद्रांची योजना आली. उसाचे वजन किती भरले हे शेतकऱ्याने केंद्रावर येऊन पाहायचे. पुढे काही वर्षांनी बंगळूरच्या अभ्यासकांनी पाहिले, तर लोक मुख्यत्वे ऊस आणि खताचे आकडे विचारून परत जात होते. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या साध्या संदेशाने तीच माहिती देऊन पाहिली. काम कमी खर्चात झाले आणि शेतकऱ्याचा केंद्रापर्यंतचा हेलपाटाही वाचला.

तुमच्या मुलीचे काम मात्र मोबाईलवर होणार नाही. तिला पानेच्या पाने टाइप करायची आहेत, हिशोबाचे तक्ते मांडायचे आहेत, टॅली शिकायचे आहे. टॅलीची शिकण्यापुरती आवृत्ती मोफत मिळते, पण ते विंडोजवर चालते. जुन्या यंत्रात मोफतचे लिनक्स घालून देतो असे दुकानदार म्हणेल. लिनक्स वाईट नाही. आमच्या बचत गटाच्या सचिवबाई दोन संध्याकाळी शेजारच्या मुलाजवळ बसून त्यावर मराठीत हिशोब लिहायला शिकल्या. त्यांना ते सोपे गेले, कारण अडले की विचारायला भिंतीपलीकडे माणूस होता. तुमच्या गावात असे कोण आहे आणि त्याला काय येते, ते आधी पाहा.

जुन्या संगणकात आणखी एक पेच आहे. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला बंद झाला. विंडोज ११ हे इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक यंत्रांवर रीतसर बसत नाही. चौदा हजारांचा तो संगणक कितव्या पिढीचा आहे, हे घरधन्यांना विचारून यायला सांगा. दुकानदाराने ‘सगळे चालते’ एवढेच म्हटले तर चहा पिऊन परत या.

माझे मत लॅपटॉपकडे झुकते. मुलगी घरी येते संध्याकाळी, आणि वीजही नेमकी तेव्हाच दगा देते. बॅटरी असली की यूपीएसचा खर्च टळतो आणि यंत्र कॉलेजातही नेता येते. पण तो नवाच हवा असे नाही. दुरुस्त करून विकलेला, आठव्या पिढीचा किंवा पुढचा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला पाहा. विंडोज परवान्याचे आहे का ते विचारा, आणि पक्के बिल व लेखी वॉरंटी घ्या. बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच वायर काढून तासभर चालवून बघा. त्या तासाला मुलीलाच बसवा. मराठी टाइप करून बघू दे, तुम्हीही दोन ओळी लिहून पाहा. घाई मात्र नको. कॉलेजात संगणक कक्ष असेल तर पहिले सत्र त्यावर निघते का ते तिला विचारा, तोवर धानाचे पैसेही हातात येतील.

आणि बाई, तुमच्या चार पानी पत्रात घरधन्यांचे मत आहे, भावाचे आहे, दुकानदाराचेही आहे. मुलीचे कुठे दिसले नाही. तिला विचारून पुन्हा लिहा.